वांडा टिलरीचा कागद

लुवीनिया बॅटलने जन्मात कोणाच्या घराचा, गाडीचा किंवा नवऱ्याचा हेवा केला नव्हता. शाळेच्या स्वयंपाकघरात तिच्याबरोबर चौदा वर्षं काम करणाऱ्या वांडा टिलरीकडे हे तिन्ही होतं. घर विटांचं, गाडी नवी आणि नवरा जिवंत. त्यातल्या एकाकडेही लुवीनियाने कधी तिरक्या नजरेने पाहिलं नाही. पण सप्टेंबरातल्या एका मंगळवारी वांडा डॉक्टरकडून एक कागद घेऊन आली, आणि त्या दिवसापासून लुवीनियाच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना.

कागद दिसायला साधाच होता. छापील ओळी, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत डॉक्टरांनी निळ्या शाईने स्वतःच्या हाताने लिहिलेलं. वांडाने तो दूध-लोणी ठेवायच्या थंड खोलीच्या पत्र्याच्या दारावर लोहचुंबकाने लावून टाकला.

"इथंच बरा," ती म्हणाली. "येता-जाता दिसेल. घरी लावला तर आमचा डेल त्याच्यावर त्याने पकडलेल्या माशांचे फोटो लावतो."

"कसला कागद आहे?" लुवीनियाने विचारलं. ती मोठ्या पातेल्यात घेवडा ढवळत होती आणि ढवळायची थांबली नव्हती.

"ब्लडप्रेशरचा गं. डॉक्टर हार्कनेसनी दिला. चांगलं अर्धा तास बसवून घेतलं मला. काय खाता, कोण रांधतं, झोप लागते का, नवरा घोरतो का. मी म्हटलं, घोरतो म्हणजे काय, खिडक्या वाजतात. तेही लिहून घेतलं त्यांनी."

"अर्धा तास."

"जास्तच असेल. तुला माहीत आहेत की ते, किती गप्पिष्ट."

डॉक्टर गप्पिष्ट आहेत हे लुवीनियाला माहीत नव्हतं. अकरा वर्षं, दर तीन महिन्यांनी ती त्यांच्याकडे जात होती, आणि एवढ्या वर्षांत ते तिच्याशी जे काही बोलले ते सगळं तिला एका दमात म्हणून दाखवता आलं असतं. काय लुवीनिया, गोळी घेतेस ना? मीठ कमी कर. वजन उतरव जरा. तुमच्याकडे डुकराच्या खारवलेल्या हाडाशिवाय पालेभाजी शिजतच नाही म्हणा. डोस वाढवतो, तीन महिन्यांनी ये. एवढं बोलून होईपर्यंत डॉक्टरांचा हात दाराच्या मुठीवर गेलेला असायचा.

गोळी दोघींची तीच होती, फिकट नारिंगी, अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी. दुखणं एक, डॉक्टर एक, गोळी एक. फरक एवढाच की वांडा गोरी आणि लुवीनिया काळी, आणि अमेरिकेच्या जॉर्जियातल्या त्या गावात एवढा फरक कुठेही दिसला तरी कोणी दचकत नसे. लुवीनियाही दचकली नसती. पण हा फरक आता दारावर लटकत होता, आणि दूध आणायला, लोणी आणायला दिवसातून वीस वेळा तिला त्याच्यासमोरून जावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी ट्रे पुसता पुसता वांडाने विचारलं, "तुला नाही का दिला असला कागद?"

"नाही."

"दिला असेल गं. तू कुठं तरी ठेवून विसरली असशील, व्हीनी. तू चष्मा डोक्यावर ठेवून शोधत असतेस."

वांडाच्या मनात काही नव्हतं, आणि नेमका त्याचाच लुवीनियाला जास्त राग आला. वांडाने टोमणा मारला असता तर उलट टोमणा मारून मोकळं होता आलं असतं. या बाईला खरोखरच वाटत होतं की डॉक्टर सगळ्यांना सारखंच विचारतात, सारखंच बसवून घेतात, आणि लुवीनियाच वेंधळी.

डॉक्टर हार्कनेस तरी काही दुष्ट होते असं नाही. लुवीनियाचा नवरा वारला तेव्हा त्यांनी आठवणीने तिच्या घरी भाजलेली, मीठ मुरवलेली डुकराची अख्खी तंगडी पाठवली होती, सोबत हाताने लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी. प्रेशरच्या बाईला खारवलेली तंगडी. लुवीनियाने ती चर्चमध्ये वाटून टाकली आणि आभाराचं पत्र लिहिलं.

खरं म्हणजे डुकराचं हाड तिच्या स्वयंपाकातून जाऊन नऊ वर्षं झाली होती. ती पाल्यात धुरावलेल्या टर्कीचा तुकडा घालायची आणि मिठाऐवजी व्हिनेगर नि मिरची. चर्चमध्ये सगळ्या एकमेकींना सिस्टर म्हणत, आणि तिथल्या जेवणावळीत तिच्या भांड्याकडे पाहून बायका म्हणायच्या, सिस्टर बॅटलची भाजी दवाखान्यातून आलीय वाटतं. ती ऐकून घ्यायची, कारण तिला भीती होती. तिची आई मूत्रपिंडं निकामी होऊन गेली होती. आठवड्यातून तीन दिवस ऑल्बनी शहरात मशीनवर रक्त धुवायला जायचं, परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं, अशी चार वर्षं काढली आणि मग एका सोमवारी तिने जायलाच नकार दिला. ते सगळं प्रेशरमुळे झालं होतं. लुवीनिया तेव्हा गाडी चालवत आईला नेत-आणत होती. त्या मशीनवर स्वतः बसायची वेळ येऊ नये, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं. आता तिला छप्पन्नावं लागलं होतं.

आणि तरी प्रेशर उतरत नव्हतं.

ते का उतरत नव्हतं हे लुवीनियाला ठाऊक होतं. तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं ते नव्हतंच.

रविवारी ती चर्चच्या दारसेवेत असायची. पांढरा झगा, पांढरे मोजे, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीमागे कमरेवर घडी केलेला. आलेल्याला जागेवर न्यायचं, कोणाच्या अंगात आलं तर सांभाळायचं, प्रार्थना चालू असताना दार अडवून धरायचं. भजनाची मिरवणूक आत आल्यापासून शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत आपली जागा सोडायची नाही. दारसेविका जागा सोडून गेली म्हणजे दार उघडं पडलं, असं दारसेविका मंडळाच्या अध्यक्षा सिस्टर ओसी प्रुइट सांगायच्या आणि कोण हलतंय यावर डोळा ठेवायच्या. पास्टर रंगात आले की तीन तासही कमी पडत. आता पाण्याची गोळी घेतलेली बाई तीन तास दाराशी कशी उभी राहणार? सकाळी सातला गोळी घेतली की दहा ते बारा दर वीस मिनिटांनी लघवीला धावावं लागायचं.

म्हणून रविवारी गोळी नाही. शनिवारी कोणाचं दफन असलं की तिथेही दारसेवा, म्हणून शनिवारी नाही. शुक्रवारी शाळेत तळलेल्या माशांचा दिवस, मुलांची रांग लांब, वाढायला जेमतेम दोघी, म्हणून शुक्रवारी नाही. त्यातून डॉक्टरांनी डोस वाढवत नेला तसं गोळी घेतलेल्या दिवशी वाफेजवळ उभं राहिलं की चक्कर यायला लागली, मग आणखी एखादा दिवस गाळायचा. बाटलीवर लिहिलं होतं, रोज सकाळी एक. पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, सकाळीच घ्यायची. लुवीनिया सांगितलेलं ऐकणारी बाई होती. सकाळ गेली की तो दिवस गेला, असंच ती धरून चालली. दुपारी घेतली तर भलतंच काही होईल असं तिला वाटायचं.

वांडाचं मात्र सगळं रुळावर आलं. शाळा सुटल्यावर ती हायस्कूलमागच्या तळ्याभोवती चालायला जायला लागली आणि रोज सकाळी त्याचा पाढा वाचायची.

"दोन फेऱ्या काल. डॉक्टरांनी सांगितलं, दोनवरून तीन करा, घाई नको."

"तळ्याभोवती होय?" लुवीनिया म्हणाली. "मला वाटलं तिथं बदकंच फिरतात."

"तूही ये की."

"मला कोणी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर बदकांबरोबर फिरलेही असते."

शुक्रवारी काम संपल्यावर दोघी किराणा दुकानात गेल्या. औषधांच्या कोपऱ्यात प्रेशर मोजायची खुर्ची होती, फुकट. वांडा ऐटीत बसली, हात नळकांड्यात घातला आणि यंत्राने आवळून सोडल्यावर आकडा वाचला. "एकशे अठ्ठावीस. मार्चमध्ये एकशे बासष्ट होतं गं माझं. बस आता तू."

लुवीनियाला बसायचं नव्हतं, पण न बसणं हेही एक उत्तरच झालं असतं. ती बसली. एकशे शहाऐंशी आलं.

"खुर्ची बिघडलीय," ती म्हणाली.

"आत्ता तर चालत होती."

"तुझ्यासाठी चालत होती."

वांडा हसली, मग तिचा चेहरा उतरला. "व्हीनी, एकशे शहाऐंशी म्हणजे फार झालं. डॉक्टरांना विचार ना. ते किती समजावून सांगतात."

लुवीनियाच्या मनात त्या क्षणी असं आलं की या बाईचं दोनशे व्हावं. फार नाही, एकदाच. त्या खुर्चीत बसून तिने एकदा दोनशे वाचावं आणि मग हसून दाखवावं. गाडीत बसल्यावर तिला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून हेवा उतरला नाही. लाज आणि हेवा दोघं शेजारी शेजारी बसून तिच्याबरोबर घरी आले.

आता मजा अशी, की चार आठवडे तो कागद डोळ्यांसमोर असून लुवीनियाने एकदाही वाचला नव्हता. दुसऱ्याच्या ताटात डोकावायचं नाही हा तिचा बाणा. त्यामुळे कागदावर किती निळी शाई आहे हे तिला पक्कं माहीत होतं, आणि त्या शाईत लिहिलंय काय हे मात्र नाही. ऑक्टोबरातल्या एका सोमवारी वांडा बहिणीकडे गेली म्हणून कामावर आली नव्हती. लुवीनियाने डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला आणि दारासमोर उभी राहिली.

डबाबंद सूप नको. डेलला सांगा, मिठाची बाटली टेबलावरून उचला. तळ्याभोवती दोन फेऱ्या. आणि खाली, चौकटीत: गोळी रोज दुपारी तीन वाजता, कामावरून घरी आल्यावर. शनिवार-रविवारीही तीनलाच, म्हणजे कामात आणि चर्चमध्ये अडचण नाही. एकही दिवस चुकवू नये.

लुवीनियाने ती ओळ तीनदा वाचली. मग थंड खोलीत शिरली, दार ओढून घेतलं आणि दुधाच्या खोक्यावर बसली. वांडाचं चर्च तासाभरात सुटायचं, गाद्या घातलेल्या बाकांवर बसून. तासाभराच्या चर्चसाठी त्या माणसाने वेळ बदलून दिली होती. तेही तिने न मागता. 'कामात आणि चर्चमध्ये अडचण होते का?' एवढा एक प्रश्न, आणि तो विचारायला तोंड किती वेळ उघडावं लागतं? तिला वांडाचा हेवा वाटला तसा याआधी कोणाचा वाटला नव्हता. तळ्याचा नाही, सुपाचाही नाही, त्या प्रश्नाचा. तिला रडू आलं, आणि रडायला ती जागा फारच गार होती म्हणून ती उठून बाहेर आली.

त्यानंतरच्या रविवारी, चर्चच्या मागच्या खोलीत हातमोजे चढवताना तिने सरळ विचारलं, "आज सकाळी प्रेशरची गोळी कोणी कोणी घेतली?"

सहा जणी होत्या. सगळ्या हातमोज्यांत बोटं घालण्यात एकदम गर्क झाल्या.

"सिस्टर नेटी?"

"रविवारी नाही घेत मी," सिस्टर नेटी म्हणाली. "दाराशी उभं राहायचं असतं."

"मी शनिवार रात्रीपासून पाणीसुद्धा कमी पिते," दुसरी म्हणाली.

"मला वाटलं मी एकटीच," तिसरी म्हणाली, आणि दोघी-तिघी हसल्या, पण ते हसू फार पुढे गेलं नाही.

"कोणाच्या डॉक्टरने कधी विचारलं, की बाई गं, गोळी घेऊन तू रविवारी करतेस काय?" लुवीनियाने विचारलं. कोणाच्याच नव्हतं विचारलं. सगळ्यांचे डोस मात्र वाढले होते.

सिस्टर प्रुइट अडुसष्ट वर्षांच्या, पाठीचा कणा ताठ. त्या आरशात टोपी सारखी करत म्हणाल्या, "सिस्टर बॅटल, ही दवाखान्याची चर्चा झाली. सेवा म्हटली की थोडं सोसायचं."

"तुम्ही घेतली का सकाळी?"

सिस्टर प्रुइटनी टोपीची पिन काढली आणि पुन्हा त्याच जागी खोचली. "माझं मी बघते," त्या म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी लुवीनियाची डॉक्टरांकडे जायची तारीख होती. ती निळा रविवारचा सूट आणि टोपी घालून गेली. अंगावर चांगले कपडे असले की निदान आत घेताना थांबवत नाहीत, हे तिच्या आईने शिकवलेलं. डॉक्टर हार्कनेस आत आले, फाईल चाळली आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "काय लुवीनिया, आज लग्न आहे का कोणाचं? प्रेशर काही ऐकत नाही बघ तुझं. मीठ कमी कर. डोस..."

"मला कागद हवाय," लुवीनिया म्हणाली.

"कसला कागद?"

"वांडा टिलरीला दिलाय तसा."

डॉक्टर जरा गोंधळले. मग त्यांनी खणातून एक छापील कागद काढून पुढे केला. "हा? घे की. आधी मागायचास."

लुवीनियाने तो हातात घेतला, पाहिला आणि परत दिला. "हा कोरा आहे. तिच्या कागदावर तुम्ही लिहिलंय."

"ते आम्ही बोलता बोलता..."

"मग माझ्याशीही बोला. मी आठवड्यातून चार दिवस गोळी घेत नाही, डॉक्टर."

डॉक्टरांचा हात दाराच्या मुठीवर होता, तो खाली आला. "चार दिवस? कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली."

"आणि मी डोस वाढवत गेलो."

"तीनदा."

डॉक्टर चाकाच्या स्टुलावर बसले. अकरा वर्षांत लुवीनियाने त्यांना त्या स्टुलावर बसलेलं पाहिलं नव्हतं. "हे सांगायचं नाही का, लुवीनिया?"

"वांडाने आपणहून सांगितलं होतं तुम्हाला? की चर्चमध्ये अडचण होते म्हणून?"

डॉक्टर आठवू लागले. ते खोटं बोलणारे नव्हते. "नाही," ते म्हणाले. "मी विचारलं होतं."

"तेच म्हणते मी."

"मला वाटलं," ते म्हणाले आणि थांबले. "मला वाटलं, तुम्हा लोकांना खाण्यापिण्याचं वगैरे सांगून..."

"बोला की पुढं. सांगून काय?"

डॉक्टर कानांपर्यंत लाल झाले आणि खिशातून पेन काढलं. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. काय खाता. टर्कीचं ऐकून त्यांनी मान वर करून पाहिलं. किती तास उभ्या असता, चक्कर कधी येते, घराजवळ चालायला जागा आहे का. लुवीनियाने सांगितलं, रस्त्याला कडाच नाही, लाकडाचे ट्रक धावतात. त्यांनी लिहिलं, चर्चच्या मागच्या पटांगणात. दारसेवेचं ऐकताना ते लिहायचे थांबले होते. गोळी दुपारी तीनला, त्यांनी लिहिलं, आणि डोस खाली आणला.

"वर नावही लिहा," लुवीनिया म्हणाली. "मिसेस बॅटल."

त्यांनी लिहिलं. कागदाची पुढची बाजू भरली, मागची निम्मी भरली. लुवीनियाला इतकं हलकं वाटत होतं की तिने मनातल्या मनात तो दारावर कुठे लावायचा ते ठरवूनही टाकलं, वांडाच्या जरा वरती. मग डॉक्टरांनी फाईलमध्ये मागच्या खेपेचा रक्ताचा रिपोर्ट पाहिला. जरा जास्तच वेळ पाहिला. त्यांनी स्टूल थोडं पुढे ओढलं आणि तिच्याशी हळू आवाजात बोलले, आणि मग कागदाच्या तळाशी आणखी दोन ओळी लिहिल्या.

शुक्रवारी सकाळी लुवीनिया कामावर आली तेव्हा वांडा माशांना पीठ लावत होती. लुवीनियाने कागद दारावर लावला नाही. पर्समधून काढून टेबलावर ठेवला.

"मिळाला?" वांडाने हात पुसले आणि कागद उचलला. तिला मनापासून आनंद झाला होता. "बघ, मी म्हटलं नव्हतं? मिसेस बॅटल. थाट बघा. टर्की उत्तम. अगं, मला उत्तम एकही नाही मिळालं. चर्चचं पटांगण... आणि मागेही लिहिलंय? व्हीनी, तुझा तर माझ्यापेक्षा मोठा आहे."

"वाच सगळा," लुवीनिया म्हणाली.

वांडा वाचत खाली गेली. शेवटच्या दोन ओळींवर तिने बोट ठेवलं. ऑल्बनीच्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांचं नाव, तारीख, आणि खाली लिहिलेलं: मूत्रपिंडं निम्म्याहून कमी काम करतात, मशीनबद्दल आताच बोलून ठेवावं. लुवीनियाची आई गेली तेव्हा वांडा केक करून घरी आली होती. मशीन म्हणजे काय हे तिला सांगावं लागलं नाही.

"हे माझ्या कागदावर नाही," ती म्हणाली.

"नाही ना," लुवीनिया म्हणाली. "हा मला अकरा वर्षांपूर्वी मिळाला असता, तर माझ्याही कागदावर नसतं."